कोपरा फाडायची सवय

त्या सकाळी थोरली तिसऱ्यांदा ब्रश धुवायला निघाली.

खळीचे ब्रश एरवी संध्याकाळी एकदाच धुतले जात, तेही शिवणीला शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीने चारदा आठवण केल्यावर. पण मोरी मागच्या खोलीत होती, आणि मागच्या खोलीत धाकटी जाऊ स्वतःचा धंदा मांडून बसली होती. रिकाम्या हाताने गेलं की माणूस डोकवायला आल्यासारखा दिसतो. ब्रश घेऊन गेलं की कामाचा दिसतो.

"लग्नात भांडी घासली नसतील इतके ब्रश घासताय वहिनी," चष्मेवाली सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली.

"तू तुझा चष्मा पूस. दोरा नाकात घालशील," थोरली म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

वह्या-पुस्तकं बांधायचं ते दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं. ते गेल्यावर मोठा मुलगा मालक झाला, धाकटा माल पोचवायच्या गाडीवर बसला, आणि दोघांच्या बायका शिवणीच्या बाकावर. कागद आणणं, कापणं, पुठ्ठा चढवणं ही पुरुषांची कामं. घड्या घालणं आणि शिवणं बायकांचं. ही वाटणी कोणी कागदावर लिहिली नव्हती, म्हणूनच ती कोणाला खोडता येत नव्हती. धाकटी त्या बाकावर अठरा वर्षं बसली. तिचा टाका असा की पानं झिजून जातील पण शिवण ढिली पडायची नाही. गिऱ्हाइकं मालकाला विचारत, "ही शिवण कोणाची? आमचं काम त्यांच्याच हातचं द्या." हे वाक्य थोरलीने अठरा वर्षं ऐकलं, आणि ते दर वेळी शेजारच्या माणसाबद्दल होतं.

तीन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक समोर उभं असताना थोरलीने धाकटीने शिवलेलं पुस्तक हातात घेतलं, "एक घडी हलतेय," म्हणाली, आणि कटर घालून सगळी शिवण वरपासून खालपर्यंत कापून टाकली. "परत शीव." घडी हलत होती का? केसभर हलत होती. तेवढी थोरलीच्या प्रत्येक पुस्तकात हलायची.

धाकटी उठली. मांडीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे तिने एकेक करून वेचले, डब्यात टाकले आणि म्हणाली, "आता माझं मी शिवीन."

मालकाने तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर भावाशी वाकडं आलं असतं. त्याने वेगळा डाव टाकला. "मागची खोली घे. पहिली मोठी ऑर्डर तक्रारीशिवाय पार पाड, खोली तुझी. तक्रार आली की मुकाट्याने परत बाकावर. मग पुन्हा उठायचं नाव काढायचं नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली. ती हे मालकाला म्हणाली, पण बघत होती थोरलीकडे. त्या दिवसापासून 'ताई' हा शब्द संपला. उरलं ते नुसतं 'तुम्ही'.

थोरलीला ती परत हवी होती. धाकटी उठल्यापासून दोन वेळा माल परत आला होता; सैल शिवणीची पुस्तकं टेबलावर पडली की मालक फक्त रिकाम्या जागेकडे बघे. तेव्हा ती परत यायला हवी होती, पण मान खाली घालून. वर मान करून आलेली नको होती.

मागच्या खोलीत धाकटी जमिनीवर कागदाचे गठ्ठे मांडत होती. पांढरा, जाड, चांगला कागद. थोरलीने नळ सोडला आणि ब्रश पाण्याखाली धरला.

"ऑर्डर मिळाली म्हणे."

"मिळाली."

"वाद्यशाळेच्या बाईंची? त्या आमच्या गिऱ्हाईक."

"त्या शिवणीच्या गिऱ्हाईक," धाकटी म्हणाली. "शिवण जिकडे, तिकडे त्या."

थोरलीने ब्रश जरा जास्तच जोरात पिळला. तिला ऑर्डर माहीत होती. चाळीस कोऱ्या वह्या, उंच, जाड पुठ्ठ्याच्या. वाद्यं शिकणारी मुलं त्यांत स्वर लिहिणार आणि समोरच्या स्टँडवर वही उघडून वाजवणार. बाईंनी एकच अट घातली होती, ती पडद्याच्या अलीकडेही ऐकू आली होती. "वही उघडली की उघडी राहिली पाहिजे. मुलांचे दोन्ही हात वाद्यावर असतात. पान धरायला देवाने तिसरा हात दिलेला नाही."

"नमुना केलास का एखादा?" थोरलीने विचारलं.

"नमुन्यात वेळ कशाला घालवू? वही शिवायचं आता मी शिकायचंय का?"

एक चूक, थोरली मनात म्हणाली. नमुना केल्याशिवाय सासऱ्यांनी सुतळीसुद्धा बांधली नसती.

"कागद कोणी कापला?"

"कागदवाल्यानेच. मी माप दिलं. त्याच्या मोठ्या तावातून त्याच्या पद्धतीने सहाच तुकडे पडत होते आणि ही एवढी पट्टी वाया जात होती. मी म्हटलं, ताव फिरव. आडवा घे. आठ पडले. वाया काही नाही." सांगताना तिच्या आवाजात नकळत थोडं जुनं सलगीचं काहीतरी आलं. हुशारी केली की माणसाला ती कोणाला तरी सांगावीशी वाटते, ऐकणारा वैरी असला तरी.

थोरली हात पुसत गठ्ठ्यापाशी आली. आणि तेव्हा तिने ते बघितलं.

धाकटीने गठ्ठ्यावरचा पहिला कागद उचलला, त्याचा कोपरा दोन बोटांत धरला आणि फाडला. आधी वरून खाली, मग आडवा. अगदी हलक्या हाताने. खालच्या दिशेने फाडताना तुकडा वाकडातिकडा, दात काढत गेला. आडवा फाडताना आखल्यासारखा सरळ आला. धाकटीने दोन्ही तुकडे न बघता डब्यात टाकले आणि दुसऱ्या गठ्ठ्याकडे वळली. त्याचाही कोपरा फाडला. तेही तुकडे डब्यात.

थोरलीच्या हाताची ती लकब होती. मनगट तसंच, बोटं तशीच.

खूप वर्षांपूर्वी मालक तापाने पडला असताना सासऱ्यांनी थोरलीला कागद ओळखायला शिकवला होता. कागदाला कल असतो, लाकडाला असतो तसा. ज्या दिशेने तो सरळ फाटतो, तो त्याचा कल. वहीची पाठ त्या दिशेला धरून आली तर पानं उघडून निवांत पडतात. कल आडवा आला तर पान जन्मभर अडून बसतं, पुठ्ठासुद्धा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून नवा गठ्ठा आला की आधी कोपरा फाडायचा, दोन्हीकडून, आणि बघायचं. "तुला दिलं," सासरे म्हणाले होते, "तूही पुढे दे. आपल्याजवळ ठेवून ते वाढत नाही." थोरलीने मान डोलावली होती.

पुढे धाकटी लग्न होऊन आली, बाकावर बसली, आणि पहिल्याच वर्षी तिने विचारलं, "ताई, तुम्ही कोपरा का फाडता?" शिवणीचं कौतुक तेव्हाच सुरू झालं होतं. थोरली म्हणाली, "असंच. सवय आहे."

एवढंच. त्यात खोटं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. सवय तर होतीच.

आणि आता अठरा वर्षांनी ही बाई डोळे मिटून कोपरे फाडत होती. चाळीस वह्यांचा सगळा कागद कलाच्या विरुद्ध कापलेला तिच्या पुढ्यात पडला होता, त्याच्या खुणा तिच्याच डब्यात होत्या.

"कोपरा कशाला फाडतेस?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही फाडता म्हणून," धाकटी वर न बघता म्हणाली. "चांगलं असतं ना ते? कामाच्या आधी."

थोरलीने ब्रश उचलला. "असतं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

चष्मेवालीने तिच्याकडे बघितलं. "काय म्हणतेय मागची बाजारपेठ?"

"चाललंय."

"तुमचा चेहरा तर लॉटरी लागल्यासारखा झालाय."

थोरलीने सुई हातात घेतली. त्या दिवशी तिचे टाकेसुद्धा बरे पडले.

दोन दिवसांनी धाकटी स्वतः पडद्यापाशी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. हातात शिवलेली एक वही होती, पुठ्ठा अजून चढवायचा होता. तिच्याकडे बघून कळत होतं की इथपर्यंत यायला तिने बराच वेळ स्वतःशी वाद घातला होता.

"जरा बघता?" ती म्हणाली. "घडी नीट बसत नाही. हाडाची पट्टी कितीही फिरवली तरी दुमडताना कागद कुरकुरतो. आणि पान ताठ राहतं. तुम्हाला काय वाटतं?"

चष्मेवालीची सुई अर्ध्यात थांबली.

थोरलीने वही घेतली. उघडली. पान बोटाखालून उठलं आणि परत आलं, हट्टी मुलासारखं. इतकी स्पष्ट चूक ओळखायला डोळेही लागत नव्हते, आंधळ्याने हाताने सांगितली असती. आणि अजून काही बिघडलं नव्हतं. दोनच वह्या शिवून झाल्या होत्या. बाकीचा कागद तसाच होता. फिरवून, कापून काहीतरी करता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

ते वाक्य थोरलीच्या जिभेपर्यंत आलं. मग तिला आठवलं, शिवण कोणाची, त्यांच्याच हातची द्या. जिभेवरचं वाक्य परत गेलं.

"नवा कागद आहे," ती म्हणाली. "दाबात ठेव. बसेल."

"बसेल?"

"एवढी वर्षं काम करतेस, विश्वास नाही का?"

धाकटीने वही घेतली. "आहे," ती म्हणाली. कामाच्या बाबतीत होता तो. माणूस कितीही वाईट असला तरी कामाबद्दल खोटं बोलणार नाही, असा त्या बाकावरचा अलिखित विश्वास होता. थोरलीला तो ठाऊक होता, म्हणून तर तिचं वाक्य चाललं.

पुढचे दहा दिवस मागच्या खोलीतून वह्या दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू पिळल्याचा आवाज येत राहिला. दाबात असेपर्यंत सगळ्या वह्या शहाण्या असतात. सपाट, गुळगुळीत, एकीवर एक. थोरली ब्रश धुवायला जाई, त्या चळतीकडे बघे आणि "छान झाल्यात हो," म्हणे. धाकटीचा चेहरा त्यावर थोडा सैल पडे. ते बघून थोरलीला जे वाटे त्याला आनंद म्हणता येणार नाही. पण त्याच्या शेजारपाजारचं काहीतरी होतं.

शनिवारी दुपारी वाद्यशाळेच्या बाई आल्या. सोबत पत्र्याचा घडीचा स्टँड घेऊनच आल्या. मालक पुढच्या खोलीतून उठून आला, थोरली त्याच्या मागे, चष्मेवाली तिच्या मागे. मागची खोली एवढी माणसं एका वेळी धरायला बनलेली नव्हती.

धाकटीने चळतीवरची पहिली वही दिली. कापडी पाठ, काळाभोर पुठ्ठा, शिवण बघायलाच नको. बाईंनी ती हातात फिरवली. "दिसायला सुरेख आहे," म्हणाल्या आणि स्टँड उघडून वही मधोमध उघडून ठेवली.

वही क्षणभर तशी राहिली. मग उजवीकडची पानं सावकाश उठली, डावीकडची त्यांना भेटायला आली, आणि टप्पकन वही मिटली.

बाईंनी परत उघडली. पान तळहाताने दाबलं. हात काढला. टप्प.

"ही लाजते का?" बाई म्हणाल्या.

दुसरी वही. टप्प. तिसरी. ती तर मिटताना स्टँडवरून खालीच आली. दाबातून काढून रात्रभर बाहेर राहिलेल्या वह्यांचे पुठ्ठे आता डोळ्यांना दिसेल असे वाकले होते, वाळलेल्या भाकरीच्या काठासारखे.

"म्हणजे तक्रार आली," मालक म्हणाला. शब्द त्याने तयार ठेवले होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तक्रार मी करायची असते. तुम्हाला कशाची घाई?"

धाकटी खाली वाकली, वह्यांतून उरलेला एक कोरा कागद उचलला. कोपरा धरला. या वेळी तिने तो डोळे उघडे ठेवून फाडला. वरून खाली. वाकडा, दातेरी. मग आडवा. सरळ, पट्टी लावल्यासारखा. परत वरून खाली. परत आडवा. तुकडे तिने टाकले नाहीत. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. मग कागद आडव्या बाजूने हलकेच दुमडला, तो वाकला. उभ्या बाजूने दुमडला, तो कुरकुरला.

"हे बघायला फाडायचा असतो," ती म्हणाली.

तिने तुकडे मुठीत मिटले.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती थोरलीकडे वळली. आवाज चढला नव्हता. "बाकावर आले त्या वर्षी. तुम्ही म्हणालात, असंच. सवय आहे."

"इतकं जुनं कोणाच्या लक्षात राहतं."

"माझ्या राहिलंय. मला वाटलं, शुभ असेल काही. घरची पद्धत असेल. मी प्रत्येक गठ्ठ्याचा कोपरा फाडला. याही गठ्ठ्यांचा फाडला. तुम्ही इथे उभ्या होतात." ती थांबली. "आणि ते सोडा. त्या वेळी मी लहान होते, तुम्ही मोठ्या, नसेल सांगावंसं वाटलं. पण परवा मी वही घेऊन आले. दोनच शिवून झाल्या होत्या. तुम्ही काय म्हणालात?"

थोरलीने पडद्याच्या कडेला हात लावला.

"दाबात ठेव, बसेल," चष्मेवाली मागून म्हणाली. साक्ष देणाऱ्याच्या आवाजात.

"तुला कोणी विचारलं?" थोरली म्हणाली.

"कोणी नाही. म्हणून तर सांगितलं."

मालक खाकरला. "हे बघा, बायकांच्या कुरबुरी नंतर. बाई, आमची माफी. चाळीस वह्या आम्ही आमच्या दुकानातून, पंधरा दिवसांत..."

"तुमच्या दुकानाची शिवण मी मागच्या महिन्यात पाहिली," बाई म्हणाल्या. त्या धाकटीकडे वळल्या. "मला तुमच्या घरचं भांडण विकत घ्यायचं नाही. मला वह्या हव्यात. बुधवारी दुपारी मुलांचं वाजवणं आहे. यांचं काही होतं का, ते तेवढं सांगा."

धाकटी कागदाकडे बघत होती. तिने तो घडीवर मधोमध फाडला, अर्धा हातात घेतला, आणि दुसऱ्या बाजूने दुमडला. पाठ आता कलाच्या रेषेत आली. इवलीशी चार पानं तयार झाली. तिने ती स्टँडवर ठेवली. पानं उघडून पडून राहिली. एकाही पानाने मान वर केली नाही.

"लहान होतील," ती म्हणाली. "निम्म्या आकाराच्या. पण उघड्या राहतील."

बाईंनी त्या चार पानांकडे बघितलं. "बुधवारी दुपारी येईन. तक्रार करायची की नाही ते तेव्हा ठरवीन."

त्या गेल्यावर मालकही गेला. थोरली मात्र जरा रेंगाळली. तिला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल. मग आपल्यालाही चार शब्द बोलता येतील, हिशोब सारखा होईल. धाकटीने कटर उचलला, पहिली वही उघडली आणि स्वतःच घातलेली शिवण वरपासून खालपर्यंत कापली. मग दुसरी घेतली.

"उजेड अडतोय," ती म्हणाली.

चाळीस वह्या उसवायच्या, पाठीवरची खळ ओली करून सोलायची, प्रत्येक ताव जुन्या घडीवर कापायचा, नव्याने दुमडायचा, शिवायचा, लहान पुठ्ठे. शेकडो ताव. पुढच्या खोलीत कापायचं मशीन होतं. एका दाबात शंभर कागद कापणारं. त्याची किल्ली थोरलीच्या कमरेला. शनिवारी संध्याकाळी तिने मशीनला तेल घातलं. रविवारी दुकान बंद असताना ते उघडून बसली. स्वतःला सांगितलं की पातं तपासायला आलेय. धाकटी मागायला येईल, आपण जरा वेळ लावू, मग किल्ली देऊ, आणि देताना एक-दोन गोष्टी ऐकवू. एवढ्यावर मिटवायला ती तयार होती.

धाकटी आली नाही. पडद्याआडून लोखंडी पट्टी आणि कटरचा आवाज येत राहिला. सर्र, सर्र. पाच-सहा कागदांची एक चळत, मग दुसरी.

सोमवारी चष्मेवाली कामावर आली नाही. डोळे दाखवायला जायचंय, असा निरोप होता. दुपारी थोरली बाकावर एकटी शिवत असताना मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं. तो खोकला तिने वीस वर्षं शेजारी बसून ऐकला होता. डोळ्यांचा डॉक्टर फारच जवळ निघाला म्हणायचा. मंगळवारीही डोळे बरे झाले नाहीत.

बुधवारी बाईंनी स्टँड लावला. वही छोटी होती, थोड्याशा वेड्यावाकड्या कडांची; हाताने कापलेली, ते लपत नव्हतं. उघडली. राहिली. शेवटच्या पानावर उघडली. राहिली. बाईंनी एकेक करून चाळीसही उघडून बघितल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

"मोठ्याच हव्या होत्या मला," शेवटी बाई म्हणाल्या. "लहान मुलांना चालतील. मोठ्यांसाठी पुढच्या महिन्यात परत करा. आणि आधी एक करून दाखवा. एकच."

"दाखवीन."

"तक्रार?" मालकाने विचारलं.

"कडा वाकड्या आहेत," बाई म्हणाल्या. "ही तक्रार नाही, सांगणं आहे. तक्रार असती तर मी न्यायला आले नसते."

शुक्रवारी मागच्या खोलीचा पडदा उतरला आणि तिथे दार बसलं. आतून कडीचं.

त्याच दिवशी तीन महिन्यांत पहिल्यांदा धाकटीने बाकाच्या बाजूला पाऊल टाकलं. हातात एक वही होती, जुनी, मोठी. सासऱ्यांची रीत होती, चाळीस मागितल्या की एकेचाळीस बांधायच्या. एक हाताशी असावी. ती एकेचाळिसावी धाकटीने उसवलीच नव्हती. तिने ती थोरलीसमोर ठेवली.

"ही तुमच्यासाठी ठेवली."

"मला काय करायची?"

"दाबात ठेवा," धाकटी म्हणाली. "बसेल."

थोरलीने खरंच ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. शिकंज्यात घातली, स्क्रू जोर लावून पिळला, चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी काढून टेबलावर ठेवली तेव्हा ती सपाट होती. कागदाचा नवा गठ्ठा त्याच सकाळी आला होता. थोरलीने सवयीने वरच्या कागदाचा कोपरा धरला आणि फाडला, एकदा असा, एकदा तसा.

"वहिनी," चष्मेवाली शेजारून म्हणाली, "कोपरा का फाडता हो?"

थोरलीचा हात थांबला. सांगायचं होतं तर किती सोपं होतं. दोन तुकडे हातातच होते.

"असंच," ती म्हणाली. "हाताला सवय."

"अस्सं." चष्मेवालीने दोरा दाताने तोडला. "मला वाटलं कागदाचा कल बघायला. धाकटीने परवा दाखवलं. दोन मिनिटांचं काम आहे, नाही?"

"माहीत होतं तर विचारलंस कशाला?"

"तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं." तिने सुई गादीत टोचली, चष्मा डब्यात ठेवला, डबा पिशवीत. "सोमवारपासून मी पलीकडे बसेन. मालकांना सांगितलंय. तुम्हाला ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते."

ती गेल्यावर बाक फार लांब वाटायला लागला. टेबलावरच्या वहीचा पुठ्ठा एका कडेने उचलला गेला होता. बघता बघता आणखी थोडा. थोरलीने त्यावर खळीचा डबा ठेवला. डबा तिरका झाला, थोडी खळ सांडली. ती पुसायला ब्रश घेतला तर तो सकाळचा तसाच, खळ वाळत आलेला. अजून तासाभरात तो टाकूनच द्यावा लागला असता.

मोरी दाराच्या पलीकडे होती.

ती दारापाशी गेली. आतून कागद दुमडल्याचा आवाज येत होता, कुरकुर नसलेला. तिने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

आतला आवाज थांबला. दार उघडलं नाही.

"काय काम आहे?"

"ब्रश धुवायचाय," थोरली म्हणाली.